तात्यांचा चष्मा बरोबरच होता

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका पॅटर्न शॉपच्या कॉम्प्युटरचं काम माझ्याकडं असतं. फौंड्रीला लागणारे पॅटर्न, म्हणजे ज्यावरनं ओतकामाचा साचा घेतात ते नमुने, बनवतात, ॲल्युमिनियमचे, लाकडाचे, रेझिनचे, आता सगळं व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर कापतात आणि त्याचं प्रोग्रॅमिंग तात्या करतात. तात्या मूळचे पॅटर्नमेकर, पटाशी-रंध्यावर हात बसलेला माणूस, बऱ्याच उशिरा कॅम सॉफ्टवेअर (मशीनचा प्रोग्रॅम बनवायचं) शिकले आणि असे शिकले की तिथली पोरं अजून त्यांना विचारून टूलपाथ, म्हणजे टूलनं कापत जायचा मार्ग, काढतात.

मालकांनी तात्यांसाठी नवा लॅपटॉप घेतला, १५.६ इंची, फोरके, म्हणजे एकदम बारीक पिक्सेलची स्क्रीन, मोठ्या कौतुकानं. त्यानंतर तात्या म्हणायला लागले की मला नीट दिसत नाही. मग काय, सगळ्यांनी ठरवूनच टाकलं की वय झालं. डोळे तपासून आणले, नवा चष्मा आला, तरी तात्या स्क्रीनला नाक लावूनच बसलेले. हळूहळू त्यांनी बोलायचंच बंद केलं, हे मला नंतर पोरांनी सांगितलं.

आणि एक दिवस मालकांचा फोन, "भावा, जरा येऊन जा. तात्यांनी ब्लॉक घालवला."

राजारामपुरीतनं निघालो, कावळा नाका, तावडे हॉटेल, पंचगंगेचा पूल, डोक्यात एकच की तात्या असली चूक करायचे नाहीत. पोचलो तर ब्लॉक टेबलावर ठेवलेला. ॲल्युमिनियमचा चांगला मोठा ब्लॉक, त्यात एक पॉकेट (खळगा) फक्त २ मिलिमीटर खोल घ्यायचं होतं, पण टूल लेयरमागनं लेयर खाली जातच राहिलं, मशीनवरच्या पोराच्या लक्षात येऊन त्यानं इमर्जन्सी दाबली तोवर कामाचा सत्यानाश झालेला. तात्या म्हणत होते मी खोली मायनस २, म्हणजे २ मिलिमीटर खाली, बघूनच पुढं गेलो. मालक म्हणत होते फाईलमध्ये मायनस २५ आहे. दोघंही खरंच बोलत होते.

मी सॉफ्टवेअर उघडलं आणि अंदाज आला. विंडोजचं स्केलिंग, म्हणजे सगळं मोठं करून दाखवायचं प्रमाण, २५० टक्क्यावर होतं, ह्या स्क्रीनला विंडोज स्वतःच ते सुचवतं. मेनूतली अक्षरं मोठी झालेली, पण टूलबारवरची आयकॉन मात्र मोहरीएवढी. तात्यांनी खिशातली स्टीलची पट्टी काढून स्क्रीनला लावली, जेमतेम दीड मिलिमीटर भरलं. मग कोपऱ्यात पडलेला जुना २२ इंची फुल एचडी मॉनिटर जोडला, तिथं तेच आयकॉन चार मिलिमीटर. आयकॉन दोन्हीकडं १६ पिक्सेलचंच, पण जुन्या स्क्रीनवर एका इंचात साधारण १०० पिक्सेल बसतात आणि नव्यावर २८० च्या वर. चष्म्याचा नंबर कितीही बदला, ते दिसणार कसं?

खरी गोची पुढं होती. खोली भरायची ती चौकट पण पिक्सेलमध्ये मोजून बनवलेली, ती वाढली नाही, आतली अक्षरं मात्र वाढली. त्यामुळं चौकटीत "-२" एवढंच मावत होतं. मी तिथं क्लिक करून एंड दाबलं, आकडा सरकला आणि मागनं ५ बाहेर आला. आधीच्या जॉबचा -२५ तसाच राहिलेला होता आणि समोर बसलेल्या माणसाला तो -२ च दिसत होता. मालकांनी दोनदा करून बघितलं. मग तात्यांकडं वळून म्हणाले, "तात्या, चुकलं माझं, उगाच बोललो." तात्या नुसतं "असू दे" म्हणाले, पण चेहरा सैल पडला.

त्यांना कारण समजून घ्यायचंच होतं. मी म्हटलं, तात्या तुमची वाढीव खुणांची कॉन्ट्रॅक्शन पट्टी आठवा. कास्टिंग थंड होताना आकसतं म्हणून अलाउन्स देऊन पॅटर्न मोठा करता, बीडाला (ओतीव लोखंडाला) साधारण १ टक्का, स्टीलला २ च्या आसपास. तसं विंडोजचं मूळ माप एका इंचाला ९६ पिक्सेल, स्क्रीन बारीक पिक्सेलची असली की सगळं त्या हिशोबात वाढवायला लागतं. तात्या लगेच म्हणाले, "म्हंजे ह्याला अलाउन्स म्हाईतच न्हाई." म्हटलं त्याहून वाईट, हे सॉफ्टवेअर विंडोजला सांगतंय की मला माहीत आहे, तू हात लावू नको, आणि स्वतः फक्त अक्षरांनाच अलाउन्स लावतंय.

जे प्रोग्रॅम काहीच सांगत नाहीत ते परवडले, विंडोज त्यांचं चित्र ताणून मोठं करतं, धूसर दिसतं पण मापं जुळतात. प्रत्येक मॉनिटरचं स्केलिंग वेगळं ओळखायची सोय विंडोज ८.१ मध्ये आली, २०१३ ला, आणि २०१७ च्या विंडोज १० अपडेटमध्ये ती बरीच सुधारली. पण प्रोग्रॅम त्याच्या आधीच्या पद्धतीनं लिहिलेला असेल तर विंडोजनं सोय देऊन काय उपयोग?

उपाय असा केला. सॉफ्टवेअरच्या शॉर्टकटवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, तिथं हाय डीपीआय (बारीक पिक्सेलच्या स्क्रीनची) सेटिंग्ज, ओव्हरराईडवर टिक, म्हणजे मोठं करायचं काम विंडोजकडं. आधी तिथला सिस्टीम एन्हान्स्ड हा पर्याय लावून बघितलं, अक्षरं छान आली पण थ्रीडी खिडकीत क्लिक भलतीकडंच लागायला लागला, म्हणून नुसतं सिस्टीम ठेवलं. आयकॉन मोठी झाली, -२५ पूर्ण दिसायला लागलं. लॅपटॉपवर जरा धूसर होतं, दिवसभर तसं बघत बसणं बरं नाही. म्हणून जुना २२ इंची कायमचाच जोडला, त्याचं स्केलिंग १०० टक्के, तिथं ताणायची गरजच नाही त्यामुळं एकदम स्वच्छ. कॅम जुन्या मॉनिटरवर, मेल आणि ड्रॉइंग लॅपटॉपवर. बरेच जण सरळ रिझोल्यूशन कमी करून मोकळे होतात, तसं मी केलं नाही, कारण मग बारीक ड्रॉइंग बघायला घेतलेली स्क्रीन कशालाच उपयोगी पडत नाही.

सॉफ्टवेअरवाल्यांना स्क्रीनशॉट पाठवले तर उत्तर आलं की नवीन व्हर्जन घ्या, म्हणजे परत पैसे. मला हे पटत नाही. आयकॉन बारीक दिसणं एकवेळ चालवून घेऊ, पण मशीनला जाणारा आकडा अर्धवट दाखवणं ही सुरक्षेची गोष्ट आहे, ते जुन्या व्हर्जनला फुकटच दुरुस्त करून द्यायला पाहिजे, आणि हे मी त्यांना लिहूनही कळवलंय.

तात्यांनी त्यांच्यापुरता बंदोबस्त केलाय. मशीनला पाठवायच्या आधी एनसी फाईल (मशीनचा तयार प्रोग्रॅम) नोटपॅडमध्ये उघडतात, कंट्रोल दाबून माऊसचं चाक फिरवून अक्षरं मोठी करतात आणि झेडच्या, म्हणजे खोलीच्या ओळी शेजारच्या पोराला मोठ्यानं वाचायला लावतात.