किल्ला तलाव ते कपिलेश्वर तलाव : पाण्याकाठचं जुनं बेळगाव, पायी

बेळगावला नदी नाही. मार्कंडेय शहराला वळसा घालून निघून जाते. त्यामुळे 'पाण्याकाठच्या वस्त्यांची सफर' असा निरोप आला तेव्हा आमच्या निपाणीच्या ग्रुपवर आधी थट्टाच झाली. सफर घडवणारे निवृत्त इतिहासशिक्षक होते, आम्ही सगळे त्यांना सर म्हणत होतो. खानापूरच्या एका काकूंनी सुरुवातीलाच विचारलं, "सर, नदी नाही म्हटल्यावर जुन्या काळी लोक पाणी कुठलं पीत होते ओ?" सर म्हणाले, "तेच बघायला निघालोय की!"

सकाळी साडेसहाला किल्ला तलावाच्या काठी जमायचं होतं. बाहेरगावाहून येणाऱ्यांना ही जागा सोयीची आहे, कारण मध्यवर्ती बसस्थानकापासून चालत काही मिनिटांवर आहे. तलावाला फेरी मारायला फरसबंद वाट आहे, आणि काठावर ११० मीटर उंचीचा ध्वजस्तंभ. या तलावाशेजारीच किल्ल्याचा खंदक. कोट मुळात रट्ट या इथल्या जुन्या राजघराण्याच्या काळातला, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. पुढे आदिलशाहीत दगडी तटबंदी झाली. १४७३ मध्ये बहमनी वजीर महमूद गावानने आणि १८१८ मध्ये इंग्रजांच्या वतीने मन्रोने वेढा घातला, तेव्हा दोघांनाही आधी या खंदकाशी झुंजावं लागलं. आज त्याच्या काही भागात झाडोरा माजलाय, काही ठिकाणी कचरा आहे. तरी तटाच्या कडेने चालताना त्याची रुंदी नजरेत भरते.

किल्ल्यात खरा वेळ द्यायचा तो कमल बस्तीला. रट्ट राजा कार्तवीर्य चौथा याचा मंत्री बीचिराज याने १२०४ मध्ये बांधलेलं हे जैन मंदिर. आत नेमिनाथांची काळ्या दगडाची मूर्ती आहे, पण मान आपोआप वर जाते ती छताकडे. तिथल्या दगडी कमळाला बहात्तर पाकळ्या आहेत. भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तिन्ही काळांचे चोवीस-चोवीस तीर्थंकर तिथे कोरलेत. सर सांगत होते आणि आम्ही माना मोडेपर्यंत मोजत होतो, एकाचाही हिशेब दुसऱ्याशी जुळला नाही. सफा मशीद १५१९ ची, आदिलशाही सरदार असदखानाच्या नावाशी जोडलेली. तिच्यात जुन्या देवळांचे कोरीव खांब वापरलेत. किल्ल्याचा बराच भाग लष्कराच्या ताब्यात आहे. पाटी दिसली की मोबाईल खिशात ठेवा आणि पहारेकऱ्याला विचारूनच पुढे जा. ओळखपत्र जवळ असू द्या. रामकृष्ण आश्रमही किल्ल्यातच आहे; विवेकानंद १८९२ मध्ये बेळगावला आले होते, त्यांच्या मुक्कामाची आठवण तिथे जपली आहे.

माझी एक तक्रार आहे. किल्ल्यात राजांच्या वंशावळीवर जरा जास्तच वेळ गेला आणि पेठांमध्ये आम्हाला पळावं लागलं. तुम्ही जाल तर आधीच सांगून ठेवा : किल्ला दीड तासात, उरलेला वेळ गल्ल्यांना.

कारण गोष्ट तिथेच रंगते. खडेबाजार, शनिवार खूट, गणपत गल्ली, मारुती गल्ली असं पुढे जात रामलिंगखिंड गल्लीत शिरलो. मधल्या बोळांत जुने वाडे आहेत, आणि वाड्यांच्या मागच्या अंगणात विहिरी. जमीन जांभ्याची, पाऊस भरपूर. पाणी झिरपतं आणि विहिरीत उतरतं. घरात नळ आल्यावर यातल्या किती विहिरींवर लोखंडी जाळ्या बसल्या हे चालताना सहज कळतं. एका आजींनी दारातूनच सांगितलं, "अजून उन्हाळ्यात हिचंच पाणी वापरतोय आम्ही." आत बोलावलं तरच जा, घरं राहती आहेत.

शेवट कपिलेश्वर मंदिर आणि त्याला लागून असलेला तलाव. इथे दक्षिण काशी म्हणून शिवरात्रीला रांगा लागतात. एरवी शांत असणाऱ्या या काठावर अनंत चतुर्दशीला मात्र पाय ठेवायला जागा नसते. शहरातले सार्वजनिक गणपती याच पेठांतून वाजतगाजत येऊन इथे विसर्जित होतात, आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. झेंडा चौकातल्या उत्सवाची सुरुवात १९०५ ची, टिळकांच्या प्रेरणेतून झालेली. आपण आलो तो रस्ता म्हणजे साधारण त्याच मिरवणुकीचा. हे सरांनी शेवटी सांगितलं. मला वाटतं, सुरुवातीला सांगायला हवं होतं.

आता उपयोगाचं. सगळं मिळून चार किलोमीटरच्या आसपास चालणं होतं, थांबत गेलं तर साडेतीन-चार तास. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात तटाजवळची वाट निसरडी होते. शनिवारी बाजाराचा दिवस असतो, गर्दी नको असेल तर तो टाळा. बूट सहज काढता येतील असे घाला, कारण बस्ती आणि देऊळ दोन्हीकडे ते काढावेच लागतात. वयस्कर मंडळी असतील तर किल्ल्यातून खडेबाजारापर्यंत रिक्षा करा, भाडं आधी ठरवून. पाट्या कानडीत असल्या तरी पेठेत मराठीत विचारलं की वाट सांगतात.

पाय अजून दुखत नसतील तर कपिलेश्वरहून रिक्षाने टिळकवाडीला जा. काँग्रेसच्या १९२४ च्या अधिवेशनासाठी, गांधीजी अध्यक्ष होते ते एकमेव, खोदलेली काँग्रेस विहीर तिथे आहे. सफरीत ती धरली नव्हती, पण पाण्याचा धागा धरून चालायचं तर ती सोडू नये. आणि कुंदा, ही इथली खास मिठाई, परतीच्या वाटेवरच घ्या. सकाळी घेतला तर दिवसभर हातात वागवावा लागतो, आणि सोबत लहान मुलं असतील तर घरी पोचेपर्यंत उरत नाही.