जातपंचायतीपुढे जवानाची बाजू कोणी मांडायची?

रजेवर आलेल्या जवानाला लग्नावरून किंवा जमिनीवरून जातपंचायतीने बोलावले, तर लष्कराच्या विधी अधिकाऱ्याने तेथे जाऊन त्याची बाजू मांडावी, असे अनेकांना मनापासून वाटते. मला ते पटत नाही. पंचांपुढे युक्तिवाद करायला कायद्याचा जाणकार उभा राहिला, की त्यांच्या बैठकीला न्यायासनाचा मान मिळतो, आणि जो अधिकार कोणत्याही कायद्याने त्यांना दिलेला नाही तो गणवेशातल्या माणसाच्या हजेरीने आपसूक पदरात पडतो.

लष्कराच्या जज अ‍ॅडव्होकेट जनरल शाखेचे, म्हणजे या विधी अधिकाऱ्यांच्या शाखेचे, कामही वेगळे आहे. सैन्य अधिनियम, १९५० नुसार जनरल कोर्ट मार्शलला, म्हणजे गंभीर गुन्ह्यांसाठीच्या लष्करी न्यायालयाला, जज अ‍ॅडव्होकेट हा कायदेविषयक सल्ला देणारा अधिकारी उपस्थित असावाच लागतो. एरवी या शाखेचे अधिकारी कमान अधिकाऱ्यांना (पलटणीच्या प्रमुखांना) कायदेशीर सल्ला देतात. कोर्ट मार्शलमध्ये आरोपी जवानाला बचाव अधिकारी मिळतो (तो कायद्याचा पदवीधर असलाच पाहिजे असे नाही, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते), पण गावाकडच्या खासगी वादात जवानाचे वकीलपत्र घेणे हे या अधिकाऱ्यांचे काम नव्हे.

म्हणून जवान एकटा पडतो असे मात्र नाही. कमान अधिकारी जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांना पत्र लिहू शकतात, आणि त्या पत्राचा मजकूर नेमका असावा म्हणून विधी अधिकाऱ्याचा सल्ला घेता येतो. माझ्या मते त्याची खरी मदत होते ती इथेच. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचाही दरवाजा ठोठावता येतो. महाराष्ट्रात तर या पत्राला भक्कम आधार आहे. सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा २०१६ चा कायदा ३ जुलै २०१७ पासून लागू झाला असून, कुटुंबाला वाळीत टाकणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्याआधी, २०११ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील एका प्रकरणात खाप (उत्तरेकडील जातपंचायती) आणि कट्टा पंचायतींना (तामिळनाडूतील तशाच पंचायतींना) बेकायदा ठरवले होतेच.

जवानाची खरी अडचण असते ती त्याची गैरहजेरी. तो सीमेवर असताना पंच निवाडा करून मोकळे होतात, आणि लग्नकार्यात न बोलावणे, मयतीला कोणी न येणे, हे सारे घरी राहिलेल्या आईवडिलांना आणि बायकोला सोसावे लागते. सैनिक कर्तव्यावर असताना त्याच्या पाठीमागे दिवाणी दाव्याचा एकतर्फी निकाल लागू नये, म्हणून इंग्रजांनीसुद्धा १९२५ मध्ये भारतीय सैनिक (दावे) अधिनियम केला होता; पंचांना तेवढीही चाड नसते. सुदैवाने बहिष्काराची तक्रार पीडिताच्या कुटुंबातील कोणीही पोलिसांकडे किंवा थेट दंडाधिकाऱ्यांकडे करू शकते, त्यामुळे जवानाला रजा मिळेपर्यंत खोळंबून राहण्याचे कारण नाही.

जमिनीसारख्या मूळ वादासाठी मात्र खऱ्या न्यायालयातच जावे. तेथे वकील मुलकीच लागेल, पण सैन्य अधिनियमाच्या कलम ३२ चा उपयोग अवश्य करावा. योग्य लष्करी अधिकाऱ्याचे रजेबाबतचे प्रमाणपत्र सादर केल्यास, शक्य तोवर त्या रजेच्या मुदतीतच सुनावणी आणि निकाल होईल अशी व्यवस्था न्यायालयाने करायची असते. हे प्रमाणपत्र रजेवर निघण्यापूर्वीच पलटणीतून मागून घ्यावे.