सॅन डिएगो कॉमिक-कॉन २०२२: आत मास्क, रस्त्यापलीकडे मोकळं रान

कोविडमुळे सलग दोन वर्षं इंटरनेटवर भागवल्यावर २०२२ मध्ये २१ ते २४ जुलैला सॅन डिएगो कॉमिक-कॉन, म्हणजे कॉमिक्स आणि सिनेमांच्या चाहत्यांचा मेळावा, पुन्हा पूर्ण आकारात भरलं. मधे २०२१ च्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत एक छोटी आवृत्ती झाली होती, पण हॉल एच या सर्वांत मोठ्या सभागृहाच्या रांगा आणि रस्तोरस्ती सुपरहिरो असं खरं कॉमिक-कॉन २०१९ नंतर तेव्हाच. आमची तिकिटं मुळात २०२० ची. आयोजकांनी ती आधी २०२१ वर आणि मग २०२२ वर ढकलली. पुण्याचा माझा मावसभाऊ कौस्तुभ याने तेव्हाच घेतलेलं तिकीट जिवापाड जपून ठेवलं होतं. तो आयर्व्हाइनला आमच्याकडे उतरला आणि आम्ही दोघं ॲमट्रॅकच्या पॅसिफिक सर्फलायनरने निघालो. पहिला सल्ला इथेच देते: लॉस एंजेलिसच्या बाजूने येणार असाल तर गाडी चालवत येऊ नका. सँटा फे डेपोला उतरलं की ट्रॉली, म्हणजे शहरातली हलकी रेल्वे आहे, आणि सामान कमी असेल तर कॉमिक-कॉन भरतं ते कन्व्हेन्शन सेंटर चालत जाण्याइतकं जवळ आहे. पार्किंगच्या पैशांत दोन दिवसांचं जेवण निघतं.

त्या वर्षीचा कोविडचा नियम थोडक्यात असा होता: लस पूर्ण झाल्याचा पुरावा दाखवा, नाहीतर ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह रिपोर्ट आणा, आणि आत असेपर्यंत तोंडावर मास्क. कॅलिफोर्नियाने हजारावर माणसांच्या बंदिस्त कार्यक्रमांसाठीची लस-चाचणीची सक्ती १ एप्रिललाच काढून तिथे नुसती शिफारस ठेवली होती. लस घेतलेल्यांना बंद जागेत मास्क लावायची सक्तीही फेब्रुवारीत संपली होती. म्हणजे आयोजकांनी हा नियम आपल्या जबाबदारीवर ठेवला होता, सरकारकडे बोट दाखवायची सोय त्यांना नव्हती. वाद पेटला तो त्यावरूनच.

आमच्या घरचा वाद तर गाडीतच सुरू झाला. कौस्तुभचं म्हणणं सरळ होतं: "ताई, आपल्याकडे पाडव्यापासून मास्क ऐच्छिक आहे. लोकलमध्ये, लग्नात कोणी लावत नाही. इथे अमेरिकेत येऊन मी चार दिवस तोंड बांधून फिरू?" नेमकं त्याच आठवड्यात महाराष्ट्र सरकारने दहीहंडी आणि गणेशोत्सवावरचे निर्बंध उठवल्याची बातमी त्याच्या फोनवर आली. मग काय, विजयी मुद्रेने त्याने फोन माझ्या नाकासमोर धरला.

माझं गणित वेगळं होतं. सासूबाईंना आमवात आहे आणि त्यासाठीच्या औषधांनी प्रतिकारशक्ती दबते. लस चारदा घेऊनही त्यांच्या शरीरात ती कितपत लागू पडली हे डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाहीत. ओमिक्रॉनचा बीए.५ हा उपप्रकार तेव्हा ऐन जोरात होता. सक्ती नसती तर मी गेलेच नसते, आणि माझ्यासारखे त्या लाखाहून जास्त लोकांत किती असतील याचा विचार "मास्क ऐच्छिक ठेवा" म्हणणारे फारसा करत नाहीत. ऐच्छिक म्हटलं की ज्याला धोका कमी त्याची इच्छा चालते आणि ज्याला जास्त तो घरी बसतो. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या ॲनिमे एक्स्पो या जपानी ॲनिमेशनच्या चाहत्यांच्या मेळाव्याने आधी सक्ती काढली आणि चाहत्यांनी ओरड केल्यावर परत आणली. ओरड करणारे चाहतेच होते, कोणी आरोग्य अधिकारी नव्हते, हे लक्षात घ्या.

आता कागदपत्रांचं, कारण भारतातून येणाऱ्यांची खरी दमछाक तिथे झाली. तपासणी झाली की मनगटाला पट्टी बांधत होते. ती सगळे दिवस काढायची नाही, आंघोळीतही नाही. कौस्तुभपाशी कोविनचं प्रमाणपत्र होतं, पण त्यावरचं नाव आधारप्रमाणे आणि पासपोर्टवरचं वेगळ्या क्रमाने. वडिलांचं नाव कुठे मधे, कुठे गायब. शिवाय तपासणाऱ्या स्वयंसेवक मुलीने कोविशील्ड हे नाव बहुधा पहिल्यांदाच पाहिलं होतं. कोविशील्ड म्हणजे पुण्यात बनलेली ॲस्ट्राझेनेकाचीच लस, हे सांगितल्यावर तिने यादी काढली आणि काम झालं. जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेल्या लशी अमेरिकेत चालत होत्या आणि २०२१ च्या नोव्हेंबरपासून त्यात कोव्हॅक्सिनही होती, त्यामुळे लशीच्या नावाची काळजी नव्हती. काळजी होती ती आपल्या नावाची. निघण्याआधी कोविनवर पासपोर्ट क्रमांक जोडून घेणं, पूर्ण जन्मतारीख असलेली आंतरराष्ट्रीय प्रत उतरवून घेणं आणि ती छापून आणणं बरं होतं. लाखभर माणसं एकाच ठिकाणी फोन उघडून बसली की नेटवर्क मान टाकतं. पट्टी शक्यतो बुधवारी, प्रीव्ह्यू नाइटच्या, म्हणजे मेळाव्याच्या आदल्या दिवशीच बांधून घेणं शहाणपणाचं होतं. गुरुवारी सकाळी तीच रांग उन्हात उभी होती.

आतली शिस्त माझ्या अपेक्षेपेक्षा बरीच चांगली निघाली. हातात पाट्या घेतलेले लोक फिरत होते, नाक उघडं दिसलं की खूण करत होते, आणि बहुतेक जण मुकाट्याने मास्क वर ओढत होते. नियम स्पष्ट असण्याचा हा फायदा मला आधी इतका कळला नव्हता: शेजारच्याला मी काही सांगायची गरज उरत नाही. भांडण दारावरच संपलेलं असतं. हॉल एचमध्ये साडेसहा हजार माणसं खेटून बसतात. तिथे प्रत्येकाने आपापल्या मर्जीने ठरवायचं झालं तर खुर्चीगणिक तंटा होईल.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. मंचावरचे नटनटी बिनमास्कचे आणि खाली आम्ही बांधलेले, हे दृश्य काही शोभत नव्हतं. मंच लांब असतो, चेहरा पाहायलाच लोक येतात, हे मान्य. पण नियमाला अपवाद केला की तो का केला हे दोन वाक्यांत सांगावं. आणि दुसरी म्हणजे संध्याकाळ. कन्व्हेन्शन सेंटरसमोर हार्बर ड्राइव्ह आणि ट्रॉलीचे रूळ ओलांडले की गॅसलॅम्प क्वार्टर. दिवसभर काटेकोर मास्क लावून फिरलेली तीच माणसं सातनंतर तिथल्या बारमध्ये खांद्याला खांदा लावून ओरडत गप्पा मारत होती. कौस्तुभला तर आयतंच कोलीत मिळालं. "विषाणू काय ट्रॉलीचे रूळ ओलांडून आत येत नाही का?"

प्रश्न चोख होता, पण त्यातून तो काढत होता तो निष्कर्ष मला पटला नाही. २०२१ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या जॅविट्स सेंटरमध्ये ॲनिमे एनवायसी हा ॲनिमे-चाहत्यांचा मेळावा झाला. ५३,००० माणसं, आणि तिथे जाऊन आलेला मिनेसोटाचा एक जण अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या ओमिक्रॉन रुग्णांपैकी निघाला. सगळ्यांना वाटलं, आता स्फोट होणार. सीडीसी या अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने नंतर तपास केला तेव्हा ज्यांच्या चाचण्यांचे निकाल मिळाले त्या ४,५६० पैकी ११९ जण पॉझिटिव्ह, म्हणजे २.६ टक्के. तिथे लशीची अट होती, मास्क होता आणि इमारतीत हवा गाळणारे हेपा फिल्टर होते. आणि पॉझिटिव्ह निघालेल्यांमध्ये बार, कराओके, नाइटक्लबला गेलेले, बंद जागेत इतरांजवळ बसून खाल्ले-प्यालेले लोक निगेटिव्हांच्या तुलनेत जास्त होते. म्हणजे आतल्या नियमाने आपलं काम केलं, रात्रीच्या जेवणाने आपलं. आयोजकांचा हात दारापर्यंतच पोचतो. त्यापुढचा नियम ज्याचा त्याने करायचा.

आम्ही केलेला असा होता. दुपारचं खाणं बाहेर: कन्व्हेन्शन सेंटरच्या मागच्या बाजूला, खाडीच्या काठी एम्बार्काडेरो मरीना पार्क आहे. हिरवळ आहे, वारा आहे, आणि आतल्या पिझ्झ्यापेक्षा घरून नेलेला ठेपला केव्हाही बरा. रात्री गॅसलॅम्पमध्ये फक्त फुटपाथवरची टेबलं. नंबर लागायला वेळ जातो, म्हणून साडेपाचलाच जेवायला बसायचं. लोक हसले तर हसू द्या. कौस्तुभ एका संध्याकाळी मित्रांबरोबर आत जाऊन बसला, तो त्याचा निर्णय. परतल्यावर मात्र त्याची गादी पाहुण्यांच्या खोलीत आणि त्या खोलीची खिडकी उघडी, हे निघण्याआधीच ठरलेलं होतं. पथ्य परतल्यावर सांगितलं तर ते शिक्षेसारखं वाटतं.

वेशभूषा करणाऱ्यांसाठी: प्लास्टिकचं किंवा फोमचं मुखवटेवजा शिरस्त्राण मास्क म्हणून चालत नव्हतं, त्याच्या आत खरा मास्क लावावाच लागत होता. एन९५ लावून त्यावर शिरस्त्राण चढवून घरी अर्धा तास चालून बघा. चष्मा असेल तर वाफ कुठे साठते ते तेव्हाच कळतं. दिवसाला दोन मास्क धरा, घामाने पहिला दुपारपर्यंत ओला होतो. हॉल एचची रांग बाहेर, मोकळ्या हवेत असते, तिथे मोकळा श्वास घेऊन घ्या.

परत आल्यावर मी पाच दिवस सासूबाईंच्या खोलीत मास्क लावूनच गेले आणि एक दिवसाआड अँटिजेन चाचणी केली. विमा कंपन्यांना जानेवारी २०२२ पासून मे २०२३ पर्यंत माणशी महिन्याला आठ घरगुती चाचण्यांचे पैसे द्यावे लागत होते. ती सोय वापरण्यासारखी होती, आणि खोकी निघण्याआधीच आणून ठेवलेली बरी, कारण अशा मेळाव्यानंतर लगतच्या फार्मसीतली संपलेली असत. आम्ही दोघंही निगेटिव्ह राहिलो. यात नियम किती, नशीब किती, याचा हिशेब मी मांडत नाही. आमच्या ओळखीतले दोघं मात्र कोविडने आडवे झाले.

त्यानंतर १ ते ५ सप्टेंबर २०२२ ला शिकागोच्या हयात रीजन्सीत वर्ल्डकॉन हे विज्ञानकथाप्रेमींचं संमेलन होतं, तिथे लस आणि मास्क दोन्ही सक्तीचं होतं. त्याच ऑक्टोबरात न्यूयॉर्क कॉमिक कॉनला मास्क सक्तीचा होता, पण लशीचा पुरावा लागत नव्हता. ॲनिमे एक्स्पोचं उदाहरण लक्षात ठेवा, आणि कुठेही जायच्या आठवड्यात नियम पुन्हा वाचा आणि हॉटेलचं बुकिंग पैसे परत मिळणारंच घ्या. न्यूयॉर्कला लागत नव्हतं म्हणून भारतातून येणाऱ्यांना लशीचं प्रमाणपत्र घरी ठेवून चालत नव्हतं. अमेरिकेत येणाऱ्या विमानात बसताना ते मे २०२३ पर्यंत लागत होतं, २०२२ मध्ये बंद झाली होती ती फक्त निघण्याआधीची चाचणी.