दोन तारांखालचं एकच इंजिन: डब्ल्यूसीएएम-३

भुसावळकरांना इगतपुरीची अडचण वेगळी सांगायला नको. पूर्वी मुंबईपासून तिथवर तारेत १५०० व्होल्ट डीसी होतं, पुढे चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ सगळं २५ हजार व्होल्ट एसी. म्हणून इंजिन बदला, कपलिंग सोडा-जोडा, ब्रेकच्या हवेच्या नळ्या (होज) लावा, ब्रेक तपासा. ही कटकट टाळायला भेल या सरकारी कंपनीने नव्वदच्या दशकात डब्ल्यूसीएएम-३ बनवलं. सहा मोटरी, वजन १२१ टन, एसीत ५००० अश्वशक्ती, डीसीत ४६००.

डीसीत ताकद कमी, पण करंट अफाट. ४६०० अश्वशक्तीला १५०० व्होल्टवर साधारण २३०० अँपिअर लागतात. एसीत ५००० ला दीडशेच्या आसपास. मोटर ७५० व्होल्टची, म्हणून डीसीत दोन-दोन मोटरी ओळीने जोडून तीन जोड्या, आणि गाडी उचलताना मध्ये रेझिस्टन्स. तो तापतो. कसारा घाटात चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटरला एक मीटर. रेझिस्टन्सच्या नॉचवर, म्हणजे हँडलच्या त्या टप्प्यावर, रेंगाळलात तर रेझिस्टन्सची ग्रिड जळते. रेझिस्टन्स पूर्ण कटलेल्या नॉचवरच गाडी चालवत ठेवायची. एसीत ही भानगडच नाही. ट्रान्सफॉर्मरच्या टॅपवर, म्हणजे वायंडिंगच्या टप्प्याटप्प्याने, व्होल्टेज वाढवत न्यायचं.

डीसी-एसी बदल करायची जागा म्हणजे तारेचा बिनविजेचा तुकडा होता. क्रम ठरलेला: नॉच शून्य, डीजे (मुख्य सर्किट ब्रेकर) उघडा, पॅन्टो (छतावरचा तारेला टेकणारा पॅन्टोग्राफ) खाली, चेंजओव्हर स्विच फिरवा, पॅन्टो वर, व्होल्टमीटर बघा, मगच डीजे बंद. व्होल्टमीटर न बघता घाई करणं महागात पडतं. डीसी थेट ट्रान्सफॉर्मरच्या वायंडिंगला लागलं तर त्याला अडवायला फक्त तांब्याचा रेझिस्टन्स उरतो. संरक्षण वेळेत ट्रिप झालं नाही तर वायंडिंग खलास. दुसरी भीती वेगाची. हळू शिरलात आणि मेल्या तारेखाली थांबलात, तर ढकलायला दुसरं इंजिनच मागवावं लागतं.

खरं सांगायचं तर इगतपुरीचा थांबा यानेही टळला नाही. घाटात मागून ढकलणारी इंजिनं, म्हणजे बँकर, तिथेच सोडावी लागतात.

मध्य रेल्वेची मुख्य लाइन टप्प्याटप्प्याने एसी झाली, २०१५ मध्ये मुंबईपर्यंत. तेव्हापासून रेझिस्टन्सच्या पेट्या आणि डीसीचं सगळं सामान नुसतं ओझं. त्यात वेगमर्यादा ताशी १०५ किलोमीटर, आणि शेजारून डब्ल्यूएपी-७ हे एसी इंजिन याहून कितीतरी जोरात जातं. अशा इंजिनाला मेलवर पाठवण्यात अर्थ नाही. कमी अंतराच्या गाड्याच त्याला शोभतात.