मी बाहेर होते, पण आकड्यात आत होते: सिअ‍ॅटल ते पोर्टलंड

सिअ‍ॅटलच्या ल्युमेन फील्ड या मैदानावर महिला फुटबॉलची मॅच होती, आणि गेटवर माझी पर्स अडली. आत फक्त पारदर्शक पिशवी चालते, हे तिकिटासोबत स्पष्ट लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलं नव्हतं. मावसभाऊ म्हणाला, "ताई, तू थांब इथेच, मी गाडीत ठेवून येतो." गाडी लावली होती चांगली पंधरा मिनिटांच्या अंतरावर. आतून शिट्टी ऐकू आली, ढोल सुरू झाले, आणि मी खांबाला टेकून उभी.

खरं सांगायचं तर मी मॅच बघायला नाही, मॅच बघणाऱ्यांना बघायला आले होते. त्यामुळे कोण जिंकलं, गोल कोणी केले हे या लेखात सापडणार नाही, आधीच सांगून टाकते. महिला फुटबॉलला गर्दी वाढते आहे असं गेली काही वर्षं वाचत होते. ऑगस्ट २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ओरॅकल पार्क या बेसबॉलच्या मैदानात बे एफसी या महिला संघाच्या सामन्याला ४०,०९१ प्रेक्षक, एनडब्ल्यूएसएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक महिला फुटबॉल लीगचा तेव्हाचा विक्रम. त्याआधीच्या वर्षी शिकागोच्या रिग्ली फील्डवर, तेही बेसबॉलचंच, ३५,०३८. हे आकडे वाचून डोळ्यांसमोर जे चित्र उभं राहतं ते एखाद्या साध्या शुक्रवारी संध्याकाळी कितपत खरं असतं, एवढंच मला बघायचं होतं.

गेटबाहेर उभी असताना पहिला धडा मिळाला. अमेरिकेत व्यावसायिक खेळांमध्ये मैदानात जाहीर होणारा प्रेक्षकांचा आकडा बहुधा गेलेल्या तिकिटांचा असतो, गेटमधून आत आलेल्या माणसांचा नसतो. म्हणजे मी खांबाला टेकले होते तेव्हाही हिशेबात आत बसलेलीच होते.

शेवटी आत शिरलो. हे मैदान मुळात अमेरिकन फुटबॉलचं, जवळपास ६९,००० माणसं मावतील एवढं. सिअ‍ॅटल रेन या इथल्या महिला संघाच्या सामन्याला वरचे मजले बंदच ठेवतात आणि खालचा घेर उघडतात. तोही त्या दिवशी मधूनमधून विरळ होता. "सीट निवडायला मिळते आहे ना, मग मजा कर की," भाऊ म्हणाला. उत्तरेकडून शहराच्या उंच इमारती दिसतात, पूर्वेला लागूनच रेल्वेचे रूळ आहेत. मालगाडी गेली की तिचा भोंगा सगळ्या मैदानावर पसरतो. गर्दी दाटीवाटीची असती तर तो एवढा ऐकू आला नसता असं मला वाटलं. काही हजार माणसं जीव तोडून ओरडत होती, पण तो आवाज वरच्या रिकाम्या खुर्च्यांत जाऊन विरघळत होता. माझ्या पुढच्या रांगेत एका बापाने दोन मुलींना खांद्यावर आळीपाळीने घेतलं होतं. घेण्याची गरज नव्हती, पुढे कोणी उभंच नव्हतं.

आणि हेच ते मैदान, जिथे ६ ऑक्टोबर २०२३ ला रेनची नामवंत खेळाडू मेगन रॅपिनो हिच्या निरोपाच्या सामन्याला ३४,१३० लोक आले होते. तेव्हा तो लीगचा विक्रम होता. पण लीगच्या बाहेर पाहिलं तर गंमत आहे. १४ एप्रिल २००१ ला वॉशिंग्टनच्या आरएफके स्टेडियमवर डब्ल्यूयूएसए या अमेरिकेतल्या पहिल्या व्यावसायिक महिला लीगचा पहिला सामना झाला, त्याला ३४,१४८ प्रेक्षक होते. बावीस वर्षांनी, एवढ्या मोठ्या खेळाडूला निरोप देताना, गर्दी १८ माणसांनी कमी पडली! (माझ्यासारख्या पर्स घेऊन बाहेर अडकलेल्यांनी काही फरक पडला नसता, आम्ही मोजलेलेच होतो.)

त्या जुन्या लीगचं पुढे काय झालं, हे विक्रमांच्या बातम्यांत कोणी लिहीत नाही. १९९९ च्या महिला विश्वचषकाचा अंतिम सामना रोझ बोल या कॅलिफोर्नियातल्या मैदानात ९०,१८५ लोकांनी पाहिला, त्या लाटेवर लीग उभी राहिली. पहिल्या हंगामाची सरासरी आठ हजारांच्या वर, मग सात हजारांच्या आसपास, मग त्याहून कमी. सप्टेंबर २००३ मध्ये पुढचा विश्वचषक पाच दिवसांवर असताना लीगने कामकाज थांबवलं. म्हणजे सुरुवातीची गर्दी खोटी नव्हती, फक्त ती माणसं पुन्हा आली नाहीत.

दोन दिवसांनी सकाळी किंग स्ट्रीट स्टेशनवरून पोर्टलंडची गाडी पकडली. स्टेशन मैदानाला खेटूनच आहे. अ‍ॅमट्रॅक कॅस्केड्स साधारण साडेतीन तास घेते. रिकामं मैदान खिडकीतून मागे गेलं आणि थोड्या वेळाने टाकोमा आलं. हे गाव मला याच प्रवासासाठी बघायचं होतं, पण गाडीतूनच भागवलं. रेनचा संघ २०१९ ते २०२१ इथल्या चेनी स्टेडियमवर खेळायचा, तेही बेसबॉलचं छोटं मैदान. त्याआधी सिअ‍ॅटलमधलं जुनं मेमोरियल स्टेडियम, आणि सगळ्यांत आधी, २०१३ मध्ये, शेजारच्या टकविलातलं स्टारफायर. म्हणजे एका संघाने दहा वर्षांत चार बिऱ्हाडं केली. मग २९ ऑगस्ट २०२१ ला ल्युमेन फील्डवर पोर्टलंडविरुद्ध २७,२४८ लोक जमले, तो तेव्हाचा विक्रम. पण त्याच तिकिटावर पुरुषांचा सिअ‍ॅटल-पोर्टलंड सामनाही होता. त्यातले किती कोणासाठी आले, हे वेगळं कसं काढणार? विक्रमांच्या यादीत मात्र तो आकडा ऐटीत बसला.

ऑलिंपिया, सेंट्रेलिया, केल्सो... मग कोलंबिया नदीवरचा पूल आणि पोर्टलंडचं युनियन स्टेशन. पुढे गावातली लाइट रेल, म्हणजे ट्रामच, मैदानाच्या दारात सोडते. लाल स्कार्फ घातलेल्या बायका, म्हातारी जोडपी, शाळेची जर्सी घातलेल्या पोरींचे घोळके, सगळे एकाच थांब्यावर उतरले. सिअ‍ॅटलमध्ये मला वाट विचारावी लागली होती, इथे गर्दीमागून चालत राहिलं की झालं.

प्रॉव्हिडन्स पार्क १९२६ सालचं आहे आणि गावाच्या पोटात आहे. मैदान रस्त्याच्या पातळीखाली, त्यामुळे आत शिरलं की एखाद्या विहिरीत पायऱ्यांनी उतरल्यासारखं वाटतं. पूर्वेचा स्टँड २०१९ मध्ये वाढवला, चार हजार खुर्च्यांची भर पडली. उत्तरेकडे 'रोझ सिटी रिव्हेटर्स', म्हणजे पोर्टलंड थॉर्न्स या इथल्या संघाचे समर्थक, उभे असतात, बसत नाहीत. ढोल, झेंडे, आणि मैदानाकडे पाठ करून गाणी म्हणवून घेणारे पुढारी. मी त्यांच्यापासून तीन स्टँड दूर होते तरी ढोलाचा ठोका खुर्चीच्या लोखंडातून पाठीला लागत होता. माणसं सिअ‍ॅटलपेक्षा जास्त होती हे उघड आहे, पण फरक फक्त तेवढा नव्हता. इथे आवाजाला जायला जागाच नव्हती.

माझ्या शेजारी सत्तरीच्या एक बाई होत्या, स्कार्फवर जुन्या पिनांची रांग. २०१३ पासून, म्हणजे लीगच्या पहिल्या हंगामापासून त्यांचं सीझन तिकीट आहे. "तुम्ही पहिल्यांदाच?" त्यांनी विचारलं. मी सिअ‍ॅटलहून आले म्हटल्यावर त्यांनी अशा नजरेने पाहिलं की मी घाईने म्हणाले, फक्त प्रवासी आहे. पोर्टलंडलाच एवढी गर्दी का, असं विचारल्यावर त्यांनी थॉर्न्सचं नावच घेतलं नाही. त्या युनिव्हर्सिटी ऑफ पोर्टलंडबद्दल बोलायला लागल्या. तिथल्या महिला संघाने २००२ आणि २००५ मध्ये कॉलेजांचं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं. कॅनडाची स्टार खेळाडू क्रिस्टिन सिंक्लेअर तिथलीच, रॅपिनोसुद्धा. "आम्ही तेव्हापासून पोरींच्या मॅचला जातोय. क्लब आला तेव्हा आम्ही होतोच." याच मैदानावर १९९९ आणि २००३ च्या विश्वचषकांचे सामने झाले होते, हेही त्यांनीच सांगितलं.

इथे थोडा हिशेब करते, कंटाळा आला तर पुढे जा. २०१३ मध्ये लीगची सरासरी ४,२७० होती आणि एकट्या पोर्टलंडची १३,३२०. आठ संघ होते. पोर्टलंड बाजूला काढलं तर उरलेल्या सातांची सरासरी तीन हजारांच्या आत येते! म्हणजे 'लीगची सरासरी' असं काही नव्हतंच, एक गाव होतं आणि बाकीचे होते. २०१९ मध्ये विश्वचषक जिंकून अमेरिकेच्या मुली परतल्या आणि ११ ऑगस्टला या मैदानावर २५,२१८ लोक आले, एकही खुर्ची रिकामी नाही. त्या वर्षी थॉर्न्सची सरासरी वीस हजारांवर गेली. आता चित्र बदललंय. २०२४ मध्ये पूर्ण लीगची सरासरी ११,००० च्या वर आणि एकूण प्रेक्षक २० लाखांच्या वर गेले. २०२५ मध्ये सरासरी पुन्हा थोडी खाली आली. मला स्वतःला कॅन्सस सिटीचं उदाहरण सगळ्यांत पटतं. त्यांनी २०२४ मध्ये नदीकाठी महिला संघासाठीच मैदान बांधलं, फक्त ११,५०० खुर्च्यांचं, आणि पहिल्या हंगामात सगळी तिकिटं गेली. चाळीस हजारांच्या विक्रमासमोर हा आकडा बातमीत शोभणार नाही. पण तिथे तिकीट मिळत नाही म्हणून लोक पुढच्या वर्षासाठी आधीच पैसे भरतात, आणि ल्युमेन फील्डवर मला सीट निवडायला मिळत होती.

हाफटाइमला मी बाईंना विचारलं, मधल्या काळात पोर्टलंडची गर्दी घटली होती ना? त्या जरा गप्प झाल्या. २०२१ मध्ये क्लबच्या एका माजी प्रशिक्षकावर खेळाडूंनी गैरवर्तनाचे आरोप केले, ऑक्टोबर २०२२ मध्ये चौकशीचा अहवाल आला, मालकाने क्लब विकायला काढला आणि २०२४ च्या सुरुवातीला नवे मालक आले. त्या काळात कित्येक जण आलेच नाहीत, आले ते आत एक पैसा खर्च करायचा नाही असं ठरवून आले. "मी आले होते," त्या म्हणाल्या, "पण पाण्याची बाटलीही घेतली नाही." आलेखात ही घसरण 'रस कमी झाला' अशीच दिसणार. रस कमी झाला असता तर ह्या बाईंना तहान का सोसावी लागली असती?

उत्तरार्धात पडद्यावर त्या दिवशीचा आकडा झळकला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी वर पाहिलंही नाही. त्यांच्या पलीकडची खुर्ची पहिल्यापासून रिकामी होती, तिच्यावर एक छोटा लाल स्कार्फ घडी घालून ठेवलेला. मी विचारलं तर म्हणाल्या, "नातीची जागा. दरवर्षी दोन तिकिटं घेते. आज तिची स्वतःची मॅच आहे, शाळेची."

मग पडद्याकडे बोट करून म्हणाल्या, "यात तिला धरलंय त्यांनी." आणि पुन्हा मैदानाकडे बघायला लागल्या, कारण कॉर्नर मिळाला होता.