भिंतीचे पैसे

मार्च महिन्यात पतसंस्थेच्या वसुली विभागात माणूस आजारीसुद्धा पडत नाही. एकतीस तारखेच्या आत एनपीएचा, म्हणजे थकलेल्या कर्जांचा, आकडा खाली आणायचा, नाहीतर लेखापरीक्षणात वर्ग घसरतो आणि संचालकांच्या सभेत आमची खरडपट्टी निघते. २०२३ च्या मार्चमध्ये माझ्या यादीत ४१ खाती होती. सतरावं खातं आमच्याच मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, एका पोराचं होतं, आणि जामीनदाराच्या रकान्यात सरांचं नाव.

सर म्हणजे नेवासे तालुक्यातल्या एका मिशन शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. संडे स्कूलमध्ये प्रभूची प्रार्थना मला त्यांनीच शिकवली. चुकलं की कान धरून पुन्हा ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’पासून सुरू. त्यात ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ अशी ओळ येते. लहानपणी मला वाटायचं, देवाचीही एखादी पतसंस्था असणार. पुढे पुण्याला प्रशिक्षणात वसईचा एक कॅथलिक मित्र भेटला, तो त्या जागी ‘अपराध’ म्हणायचा. रात्रभर वाद घातला आम्ही. बायबलात मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ग्रीक मूळात शब्द देण्याचाच आहे, थकबाकीचा. म्हणजे शब्दापुरता मी जिंकलो. पण दर रविवारी ऋण सोडल्याचं म्हणायचं आणि सोमवारी नोटिसा काढायच्या, हे चौदा वर्षं माझंच चाललंय, त्याचं नव्हे.

तर ते खातं. पोरानं बहिणीच्या लग्नासाठी अडीच लाख उचलले होते, १४ टक्क्यांनी, ३६ हप्त्यांत. ख्रिस्ती लग्न साधं असतं अशी बाहेर समजूत आहे. ती असणाऱ्यांनी एकदा आमच्याकडं जेवायला यावं. गाऊन, सूट, केक, बँड आणि पाचशे पानं. पाच हप्ते भरून पोरगा कामासाठी चाकणकडं गेला आणि फोन बंद. चौदा महिन्यांत मुद्दल २ लाख २१ हजार, व्याज-दंडव्याज धरून २ लाख ६१ हजार झाले.

मॅनेजर म्हणाले, “जामीनदाराची १ लाख ९० हजारांची ठेव आहे आपल्याकडं. व्हाउचरवर सही घेऊन या, बाकीचं बघू.”

जामीनदाराची ठेव असली की आधी ती धरायची, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमात साफ लिहिलंय, की कर्जदाराची जेवढी जबाबदारी तेवढीच जामीनदाराची. “मी फक्त सही केली” हे वाक्य मी आठवड्यातून तीनदा ऐकतो. सर ते म्हणणार नाहीत हे मला माहीत होतं, आणि म्हणूनच गाडीला किक मारावीशी वाटत नव्हती.

सरांचं घर गावाबाहेर, पाटाच्या कडेला. तीन भिंतींना गिलावा आणि रंग, चौथी, पश्चिमेची, उघड्या विटांची. विटांच्या फटींतला सिमेंट पावसानं खाल्लेला, त्यात कुठंकुठं चिमण्यांनी काड्या कोंबलेल्या. हे घर सरांनी बारा वर्षांत बांधलं. पैसे साठतील तेवढंच काम, मग थांबायचं. सायकल, टीव्ही, मुलीचं नर्सिंगचं शिक्षण, काहीच हप्त्यावर नाही. संडे स्कूलमध्ये ते आम्हाला ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरची गोष्ट सांगायचे, की हजारो अनाथ मुलं सांभाळली पण कुणाचं देणं ठेवलं नाही. म्यूलरचं चरित्र पंडिता रमाबाईंनी वाचलं होतं, हेही वर. आम्हाला तेव्हा ती गोष्ट कंटाळवाणी वाटायची.

सरांचं हे वेड म्यूलरपासून सुरू झालं नव्हतं. त्यांच्या वडिलांनी सावकाराच्या साठ रुपयांपायी पाटलाकडं सात सालं घातली होती. ऋणको हा धनकोचा दास होतो, असं बायबलातल्या नीतिसूत्रांच्या पुस्तकात आहे. आपण ते सुभाषितासारखं वाचतो, सरांना त्यात बाप दिसतो.

मी गेलो तेव्हा सर ओट्यावर शेंगा फोडत होते. पिशवीतून फाइल निघालेली बघून त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

“पोरगा हप्ते भरत नाही ना?”

“नाही सर. चौदा महिने.”

“मला आधी का नाही सांगितलं?”

तीन नोटिसा पाठवल्या होत्या, रजिस्टर पोस्टानं. आतून मावशी, म्हणजे सरांच्या पत्नी, बाहेर आल्या. नोटिसा त्यांनीच सोडवून घेतल्या होत्या आणि पिठाच्या डब्यामागं ठेवल्या होत्या.

“सांगून काय उपेग? हे लगेच पैसं भराया निघाले असते,” मावशी म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून, “तुमच्या सरांना विचार, नीतिसूत्रांचा बाविसावा अध्याय काय म्हनतो. जामीन राहू नको म्हनतो. द्यायला नसलं तर अंगाखालचा बिछाना वढून नेतील म्हनतो. आख्ख्या मंडळीला शिकवलं, अन् सोता सही करून आले.”

“त्या दिवशी उपदेश काय होता?” सर म्हणाले. “डोंगरावरचं प्रवचन. उसनं मागणाऱ्याला पाठ दाखवू नको. उपासना सुटली अन् दारातच तो फॉर्म घेऊन उभा. काय सांगू त्याला, की आता ऐकलं ते फक्त आत बसेपर्यंत?”

“त्याला उसनं द्यायचं व्हतं मग. हजार-दोन हजार. सही कशाला?”

मावशींचा मुद्दा बिनतोड होता. वसुलीवाला म्हणून सांगतो, ज्याला पैसे द्यायची ऐपत नाही त्याच्यासाठी सही करायलाही ऐपत नसतेच. पण सहकाराची परीक्षा देताना एक गोष्ट वाचली होती, ती तिथं उगाच आठवली. ज्या जर्मन माणसाच्या पतपेढ्या बघून १९०४ साली आपल्याकडं सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, तो रायफायझन खेड्यातला महापौर होता आणि चांगला श्रद्धाळू प्रोटेस्टंट होता. त्याच्या पतपेढीचा पायाच मुळी गावानं एकमेकांना जामीन राहण्याचा. एकाचं बुडालं तर सगळ्यांनी भरायचं. नीतिसूत्रांचा बाविसावा अध्याय त्यानं वाचला नसेल असं होणार नाही. मावशींना हे सांगायची माझी छाती झाली नाही.

सर आत गेले आणि पवित्र शास्त्र न आणता चष्मा आणि पेन घेऊन आले. “फिलेमोनाच्या पत्रात पौल काय लिहितो? त्याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड. अन् पुढं, हे मी स्वतःच्या हातानं लिहितो, मी फेडीन. जामीनपत्रच ते. दे इकडं.”

“सर, ही ठेव...”

“भिंतीची आहे. माहीत आहे मला.”

पश्चिमेची भिंत. गिलावा, वरचा पत्रा बदलणं आणि न्हाणीघर. सहा वर्षांचे पैसे.

मी म्हटलं थांबा, आणि उसाच्या कडेला जाऊन मॅनेजरना फोन लावला. एकरकमी परतफेडीत दंडव्याज पूर्ण आणि व्याजातलं काही सोडून २ लाख ३६ हजारांवर ते आले, तेही दोनदा माझ्या अकलेचा उद्धार करून. परत येऊन सांगितलं तर सरांनी मान हलवली.

“सूट नको. तुम्ही सोडणार ते पैसे कुणाचे? ठेवीदारांचेच ना? माझ्यासारख्याच कुणाच्या तरी भिंतीचे.”

याला उत्तर माझ्याकडं नव्हतं. ते मावशींनी दिलं. “घ्या मुकाट्यानं. रोज ऋण सोड, ऋण सोड म्हनता देवाला. कुनीतरी सोडतंय तर ते बी नको?”

सर गप्प बसले. मग हसले, अगदी थोडंसं. ठेव मुदतीआधी मोडून व्याजासकट २ लाख ४ हजार होत होते. ३२ हजार कमी पडत होते. मी हप्ते पाडून देतो म्हटलं, तर सरांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पुन्हा संडे स्कूलच्या सतरंजीवर. हप्ता म्हणजे कर्जच की. मावशी काही न बोलता आत गेल्या. भांडी वाजली. पोस्टाचं पासबुक आणून त्यांनी फाइलवर आपटलं. स्वतःच्या अंगणवाडीच्या मानधनातून टाकलेले पैसे होते ते.

“घेऊन जा. न्हाईतर बिछाना न्यायला येशील उद्या.”

मी म्हटलं, “बिछाना नेता येत नाही, मावशी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमात आहे, अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी अन् अंथरूण-पांघरूण जप्त करता येत नाही. सरकारी पेन्शनही नाही.”

“बिछानाच लिहिलाय?”

“बिछानाच.”

“मंजी सरकारनं बायबल वाचलं म्हनायचं,” मावशी म्हणाल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला चहा विचारला.

सही करायच्या आधी सरांनी व्हाउचर दोनदा वाचलं. मी त्यांना सांगितलं, की जामीनदारानं पैसे भरले की संस्थेचे हक्क त्याच्याकडं येतात, ते पोरावर दावा लावू शकतात, मी कागद करून देतो. सरांनी कपाटातून एक जुनी वही काढली. रेघ मारून दोन भाग केलेले, देणं आणि येणं. देण्याच्या बाजूला किराणा आणि दूधवाला, सगळे खोडलेले. येण्याची बाजू पहिल्या पानापासून कोरी. तिथं त्यांनी पोराचं नाव लिहिलं, पुढं रक्कम, पुढं तारीख. शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवली.

“दावा नको,” ते म्हणाले. “पण लिहून ठेवतो. सोडायचं म्हटलं तर किती ते कळायला पाहिजे ना.”

खातं बंद झालं. मॅनेजर खूश. बाकीच्या चाळीस खात्यांचं मार्चमध्ये जे व्हायचं ते झालं.

पुढच्या रविवारी, लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, दिवसांत, उपासनेला मी उशिरा पोचलो आणि मागं उभा राहिलो. प्रभूची प्रार्थना सर चालवत होते, नेहमीसारखी संथ, प्रत्येक शब्द सुटा. मावशी बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत, डोक्यावर पदर. ‘आमची रोजची भाकर’ त्यांनी मोठ्यानं म्हटलं. त्यानंतरच्या ओळीला त्यांचे ओठ मिटले. सगळी मंडळी ऋण्यांस ऋण सोडत असताना त्या समोरच्या बाकाच्या पाठीकडं बघत गप्प होत्या. मग ‘आम्हास परीक्षेत आणू नको’पासून पुन्हा सगळ्यांबरोबर म्हणू लागल्या.