लाल शिंगं

गौरी गेल्या की पुण्यात गर्दीचा बांध फुटतो. त्या दिवसांत संध्याकाळी शिवाजी रस्ता बंद करतात आणि स्वारगेटला जाणाऱ्या आमच्या बस जंगली महाराज रस्त्याने, अलका चौकातून टिळक रस्त्यावर वळवतात. एकवीस वर्षं बस चालवतोय, पण गणपतीच्या दहा दिवसांतली संध्याकाळची ड्युटी लागली की आजही पोटात गोळा येतो.

गेल्या गणपतीतली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ. पाऊस नुकताच थांबलेला, ओल्या डांबरावर मांडवांची लाल-निळी रोषणाई सांडलेली. अशा झगमगाटातून पुढच्या अंधाऱ्या टप्प्यात शिरलं की क्षणभर काही म्हणजे काही दिसत नाही. त्यात लोक काळे कुर्ते घालून फिरणार!

टिळक रस्त्यावर थांबा घेतला. चारपाच जण उतरले. त्यात एक कुटुंब: आईच्या कडेवर बाळ, बाबांच्या हातात पिशव्या आणि मंडईत मिळतात ती लुकलुकणारी लाल शिंगं डोक्यावर घातलेला साधारण पाच वर्षांचा मुलगा. तोंडात पिपाणी. स्वारगेट येईपर्यंत ती वाजणार नाही, एवढ्याच विचाराने मी खूश झालो होतो.

कंडक्टरने डबल बेल दिली. दार लागलं. गाडी काढताना माझे डोळे उजव्या आरशात असतात, कारण मागून दुचाक्यांची रांग संपतच नाही. जरा फट दिसली, ब्रेकवरचा पाय उचलला. तेवढ्यात काचेच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात लाल काहीतरी लुकलुकलं. आधी वाटलं, मांडवाचा उजेड काचेवर पडलाय. पण रोषणाई जागची हलत नाही. हे सरकत होतं.

ब्रेक दाबला. गाडी हातभरच पुढे गेली असेल. उभ्या प्रवाशांनी मात्र माझा उद्धार केला.

पण खरा घोर पुढेच होता. शिंगं काचेच्या कडेने उजवीकडे निघाली होती, पलीकडच्या देखाव्याकडे. आणि उजवीकडून, माझ्या गाडीला वळसा घालून, दुचाक्या येत होत्या. त्यांच्या आणि पोराच्या मध्ये माझी 12 मीटरची बस भिंतीसारखी उभी. मी खिडकीतून खांद्यापर्यंत हात बाहेर काढला, पंजा मागे केला आणि ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही.

पहिली स्कूटर थांबली, ओल्या रस्त्यावर जरा घसरून. ताशी 30 ला गाडी सेकंदाला आठ मीटर जाते आणि माणसाचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच तो सेकंद सरतो. ही हळू होती म्हणून निभावलं. तिच्यावरही तिघं होते, पुढे तीनेक वर्षांची मुलगी उभी. हेल्मेट फक्त बाबांना. चार वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट आणि पट्टा हवा, वेग ताशी 40 च्या आत हवा, हा नियम 15 फेब्रुवारी 2023 पासून लागू आहे. पट्टा बांधलेलं मूल मी अजून एकदाच पाहिलंय.

कंडक्टर उतरून पोराला उचलून फुटपाथवर घेऊन आला. बाबांनी त्याला मारायला हात उगारला. मी दार उघडून म्हणालो, "अहो, त्याला नका मारू. गाडी गेल्याशिवाय पुढून रस्ता ओलांडायचा नाही, हे त्याला कोणी सांगितलंय का?"

"पण काका, तुमचे लाइट तर त्याच्या अंगावरच होते," ते म्हणाले. "तुम्हाला तो दिसलाच असणार की!"

सगळ्यांना असंच वाटतं. बसचे दिवे आपल्या डोळ्यांत येतात, म्हणून ड्रायव्हरलाही आपण दिसतो! मी त्यांना वर बोलावलं, माझ्या सीटशेजारी उभं केलं आणि कंडक्टरला गाडीपुढे ओणवं उभं राहायला सांगितलं. सहा फुटी माणूस काचेखाली गडप झाला. बाबा काहीच बोलले नाहीत. खाली उतरले आणि दोन्ही पिशव्या एका हातात घेतल्या.

मागून हॉर्न सुरू झाले होते. कंडक्टरने पुन्हा डबल दिली. डाव्या आरशात दोन्ही शिंगं फुटपाथवर, बाबांच्या मोकळ्या हाताला लटकलेली दिसली, तेव्हा मी गाडी काढली. पिपाणी चालूच होती.